काळ्या दगडाची शेवटची कड

आमच्या साताऱ्यात कुठेही खणा, खाली काळाच दगड लागतो. किल्ल्याच्या तटापासून आमच्या घराच्या जोत्यापर्यंत सगळा कारभार त्याचाच. मी अठरा वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवते. या दगडाचे कागदापेक्षा पातळ काप काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हा माझा धंदा. त्यातला लांबट पांढरा स्फटिक मोठा असेल तर तो जमिनीच्या पोटात, शिलारसात, सावकाश वाढलेला. बारीक असेल तर लाव्हा वर आल्यावर झटपट थिजलेला. डोळे मिटून हातात दिला तरी मी हा दगड ओळखेन अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली आहे.

पण एक गोष्ट मी कधी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. हा दगड संपतो कुठे आणि त्याच्याखाली काय आहे? सह्याद्रीत लाव्हाचे थर डोंगराएवढे जाड आहेत. पूर्वेकडे ते पातळ होत जातात आणि नांदेड जिल्ह्यात कधीतरी संपतात. तिथे त्यांच्याखालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, ग्रॅनाइट अडीचशे कोटींच्या घरातला. दोघांची गाठ जिथे पडते ती जागा मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते, न बघता. यंदा फेब्रुवारीत लातूरला शाळाशिक्षकांसमोर बोलायचं निमंत्रण आलं, तेव्हा मी तीन दिवस आधीच निघाले. त्या दोन दगडांमधला सांधा एकाच तुकड्यात घरी आणायचा, असा बेत होता.

नांदेड

स्टेशनावर रफीकभाई मी ठरवलेली गाडी घेऊन उभे होते. वय साठीच्या पुढे, पांढरीशुभ्र दाढी, घरात तीन पिढ्या मोटारी दुरुस्त करायचं काम. माझ्या पिशवीतला हातोडा त्यांनी उचलून बघितला.

"दगड बघायला आल्या? नांदेडात लोक दर्शनाला येतात मॅडम. दगडासाठी आलेल्या तुमीच पैल्या."

मी म्हटलं, लगेच निघू. "नक्को, नक्को. पैले पोटाचं बघू," म्हणत त्यांनी मला एका खानावळीत नेऊन बसवलं. समोर पिवळीधमक खिचडी आली आणि तिच्यावर ओतायला चिंच-तिळाचं आंबट पातळ, खट्टा. आमच्याकडे खिचडी म्हणजे आजारी माणसाचं जेवण. इथे ती सकाळी आठला धडधाकट माणसं खातात आणि दिवसभराच्या कामाला लागतात. मी दोनदा घेतली. दुसऱ्यांदा वाढताना रफीकभाई म्हणाले, "आता दगड फुटंल तुमच्यानं."

कंधारच्या पूर्वेला

पहिला दिवस फुकट गेला. नकाशावर माझी रेघ स्पष्ट होती. ओढ्याच्या पश्चिमेला लाव्हा, पूर्वेला ग्रॅनाइट. ओढ्याच्या अलीकडे मी काळा दगड फोडला, त्याच्या पोकळ्यांतून साखरेसारखे पांढरे खडे निघाले. ओढ्याच्या पलीकडे हत्ती बसल्यासारख्या गोल, गुलाबी-करड्या शिळा होत्या. ग्रॅनाइट! मी त्याच्यावर हात फिरवत इतका वेळ उभी राहिले की रफीकभाईंनी गाडीतून हाक मारून मला बरं आहे ना, अशी चौकशी केली. त्यात गुलाबी फेल्डस्पारचे ठोकळे होते, काचेसारखे गारगोटीचे दाणे होते, अभ्रकाचे काळे पापुद्रे होते. लाव्हाला थिजायला दिवस-महिने लागले असतील. याला मात्र जमिनीत खोलवर लाखो वर्षं मिळाली, म्हणून दाणा नुसत्या डोळ्यांना दिसतो.

पण दोघांच्या मध्ये होतं अर्धा किलोमीटर काळं रान. हरभरा आणि करडई. सांधा असलाच तर त्या मातीखाली. मी बांधाबांधाने हिंडले. करडईच्या काट्यांनी ओढणी फाटली, पोटऱ्या ओरबाडल्या, आणि संध्याकाळी चारच्या सुमारास मी एका बांधावर बसून नकाशाकडे रागाने बघत होते. तेव्हा पांढऱ्या साडीवर स्वेटर घातलेल्या एक बाई स्कूटरवरून उतरल्या.

"काही हरवलंय का तुमचं?"

"हो. एक कड."

त्यांना वाटलं ओढणीची. मी नीट सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळला. "काळा दगड संपून खाली दुसरा लागतो तीच ना? मग रानात काय शोधून राहिल्या? माझ्या हिरीत चला की. परवाच काळा संपला. नागनाथमामा म्हणले, सुजाताताई, दगडानं रंग बदलला."

या सुजाताताई कांबळे. सरकारी दवाखान्यात परिचारिका, नोकरीची दोन-अडीच वर्षं उरलेली. वडील दुसऱ्याच्या रानात मजुरी करत. सुजाताताईंनी नोकरीच्या जोरावर दोन एकर रान विकत घेतलं होतं, आणि आता त्यात विहीर. "निवृत्तीनंतर पेन्शन खाऊन बसणार न्हाई मी," त्या म्हणाल्या. "मोसंबी लावणार." उद्या सकाळी या, असं सांगून त्या निघाल्या आणि दहा पावलांवरून परत वळल्या. "न्याहारी करून येऊ नका."

विहीर

विहीर खोदणारे नागनाथमामा देगलूरकडचे. बारीक अंगाचे, साठीतले, बोलण्यात मध्येच तेलुगू शब्द. त्यांची माणसं यारीवर होती. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर रोवलेली लोखंडी चौकट. इंजिनावर चालते आणि दोरखंडाला टांगलेली मोठी बादली खाली-वर करते. खोली फुटात नाही, परसात मोजतात. माणूस हात वर करून उभा राहिला की एक परस. विहीर सात परस झाली होती.

"मला खाली उतरायचंय," मी म्हणाले.

मामांनी माझे बूट बघितले, डोक्यावरचं हेल्मेट बघितलं. "चला. पण खाली माझं ऐकायचं."

"ऐकते की."

बादलीत आम्ही दोघं उभे राहिलो आणि इंजिन धडधडू लागलं. अंगावर काळा दगड वर सरकत गेला. उभ्या भेगा, मधूनच पांढऱ्या खड्यांच्या पोकळ्या, माझ्या ओळखीचा सगळा गोतावळा. हवा गार झाली. बादली घोटाभर चिखलात टेकली, मी मान खाली केली आणि सांधा समोरच होता.

वर काळा दगड. त्याच्याखाली अर्धी वीत जाडीचा विटकरी लाल पट्टा, वरच्या अंगाला भट्टीतल्या विटेसारखा भाजलेला. त्याच्याखाली पांढुरका-गुलाबी, भुसभुशीत झालेला ग्रॅनाइट. तो लाल पट्टा म्हणजे लाव्हा आला त्या दिवशीची जमीन. तिच्यावर ऊन पडत होतं, पाऊस पडत होता, झाडं होती, आणि एके दिवशी पश्चिमेकडून तापलेला रस आला व त्याने सगळं झाकून टाकलं. मी अंगठा ग्रॅनाइटवर ठेवला, करंगळी लाव्हावर. एवढ्याशा अंतरात दोनशे चाळीस कोटी वर्षं नाहीशी झाली होती. मी मोठ्याने हसले. मामाही हसले, कशाला ते न विचारता.

मग मी कामाला लागले. डाव्या कोपऱ्यात सांधा थोडा पुढे आला होता, स्वच्छ, तिन्ही थर एकाच तुकड्यात मिळतील असा. मी छिन्नी लावली, हातोडा उचलला. मामांनी माझं मनगट धरलं.

"तिथं न्हाई."

"का? हाच तर हवा मला."

त्यांनी पहार उचलली आणि तिच्या टोकाने भिंतीवर ठोकत गेले. उजवीकडे टण. मध्ये टण. थोडं डावीकडे, टण. त्या कोपऱ्याच्या वर, भद्द. पुन्हा ठोकलं. भद्द.

"मागं पोकळ हाय."

मला फरक ऐकू आला नव्हता असं नाही. पण अठरा वर्षं शिकवणारी बाई माझ्यात जागी झाली. "मामा, हा दगड ताजा आहे. एकसंध आहे. एक डाग नाही त्याला. मी अठरा वर्षं हाच दगड बघते."

"बघता हाव," ते म्हणाले. "ऐकत न्हाई."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिंटं लई असतात." त्यांनी मान वर करून आवाज दिला, "ए, वर घे!" आणि मला हाताला धरून बादलीत उभं केलं. मी रागावले होते. चारशे किलोमीटरच्या वर प्रवास करून आलेली मी, आणि माझा दगड हातभर अंतरावर सोडून वर चालले होते.

बाभळीखाली सुजाताताईंनी जेवण मांडलं होतं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाचं तिखट, वर कच्चं तेल. आमच्याकडे पाहुण्याला भाकरी मोडून देत नाहीत, ताटात अख्खी वाढतात. इथे ताईंनी पहिली भाकरी मोडून चौघांत वाटली आणि मग प्रत्येकाला आपापली. मी फुगून खात होते. रफीकभाईंनी काय झालं ते ओळखलं असावं. ते भाजीचं कौतुक करत राहिले.

दुसरी भाकरी संपायच्या आत आवाज झाला. फार मोठा नाही. धान्याचं पोतं खांद्यावरून टाकावं तसा. विहिरीतून धूळ वर आली.

आम्ही सगळे काठावर गेलो. धूळ बसायला वेळ लागला. डावा कोपरा नव्हता. बाजेएवढी शिळा खाली पडून तिचे तीन तुकडे झाले होते, आणि मधला तुकडा पडला होता तिथेच, चिखलात, माझ्या बुटांचे ठसे असणार होते.

मी खाली बसले. सुजाताताईंनी माझी नाडी धरली. सवयच त्यांची. रफीकभाई पाणी घेऊन आले. मी नागनाथमामांकडे बघितलं. ते आता 'सांगितलं होतं ना' म्हणतील, असं मला वाटत होतं, आणि म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. ते म्हणाले,

"आता घ्या तुमचा दगड. आता तो कुणाला मारत न्हाई."

मी त्यांच्या पाया पडले. ते एकदम मागे सरकले. "ओ मॅडम, हे काय! जेवण राहिलंय तुमचं."

लगेच खाली जायला मात्र त्यांनी कुणालाच परवानगी दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यारीच्या बादलीतून अर्ध्यावर लटकत त्यांनी पहारीने सगळी सुटी कपची पाडली, पुन्हा भिंत वाजवत फिरले आणि मगच तळाला गेले. माझं कुठे चुकलं ते मला तोवर समजलं होतं. दगड खरंच ताजा होता. पण त्याच्या मागून एक उभी भेग गेली होती, आणि त्याच्या बुडाखालची लाल माती पाणी पिऊन मऊ झाली होती. मी दगडाचा चेहरा वाचला. त्याच्या पाठीशी काय चाललंय ते विचारायचं माझ्या मनातच आलं नाही. गंमत म्हणजे आम्ही भूशास्त्रज्ञ पृथ्वीच्या पोटाबद्दल जे काही जाणतो ते बहुतेक असंच वाजवून, ऐकून. हे मी दरवर्षी शिकवते.

मामांनी खालून बादलीत तुकडा पाठवला. काळा, लाल, गुलाबी, तिन्ही थर, सांधा शाबूत. मी तो घासूनपुसून पिशवीत घातला आणि चिठ्ठी लिहायला बसले. प्रत्येक नमुन्यावर जागा, तारीख आणि तो गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं.

"मामा, पूर्ण नाव सांगा."

"माझं कशाला?"

"तुम्ही काढलाय."

"नागनाथ व्यंकटी. व्यंकटी नक्की लिहा. वाजवून ऐकायचं त्यानंच शिकवलं. माझा बाप."

निघताना सुजाताताईंनी तो प्रश्न विचारला, जो विचारायला त्या दोन दिवस थांबल्या होत्या. "मॅडम, पाणी?"

या बाबतीत मला शंका नव्हती, आणि आदल्या दिवशी फजिती झाली म्हणून ती मुद्दाम आणलीही नाही. "वरचं पाणी लाल मातीवर झिरपत येतंय, ते चांगलं. खालचा भुसभुशीत ग्रॅनाइट ते धरून ठेवेल. तो आहे तोवरच खोदा. ठणठणीत लागला की थांबा, त्यात पैसे घालू नका. आणि त्या लाल पट्ट्याला आधी दगडी बांधकाम करून घ्या."

ताईंनी मामांकडे बघितलं. मामांनी मान हलवली. "माझं बी तेवढंच म्हणणं हाय. फक्त मी एवढं बोलत न्हाई."

लातूर

शाळेच्या सभागृहात पंचवीसेक शिक्षक होते, बहुतेक निलंगा, औसा भागातले. मी पिशवीतला दगड टेबलावर ठेवला आणि तो हातोहात फिरू दिला. मग विहिरीची गोष्ट सांगितली, माझ्या हट्टासकट. ते खळखळून हसले, आणि मला वाटतं त्यानंतरच त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवायला सुरुवात केली.

फळ्यावर मी मोठं वर्तुळ काढलं. पृथ्वीच्या मध्यापर्यंतचं अंतर सहा हजार चारशे किलोमीटर. माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल भोक जेमतेम बारा. म्हणजे सफरचंदाची सालसुद्धा आपण पुरती टोचलेली नाही. तरी आत काय आहे ते आपल्याला माहीत आहे. कारण भूकंप झाला की लाटा सगळ्या दिशांनी पृथ्वीत शिरतात. कुठे वेग घेतात, कुठे मंदावतात, कुठे वाकतात. काही लाटा द्रवातून जाऊच शकत नाहीत, त्या जिथे अडल्या तिथे आत वितळलेलं लोखंड आहे हे कळलं. पलीकडे बसलेली यंत्रं हे सगळं ऐकतात.

भूकंप हा शब्द उच्चारल्यावर सभागृह शांत झालं. लातूरमध्ये हा शब्द पुस्तकातला नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. एका शिक्षकांनी हात वर केला. "मॅडम, पुन्हा येईल का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "येईल का, कधी, कुठे, हे मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. घर कसं बांधायचं ते मात्र नक्की सांगता येतं." आणि त्यावर पुढचा अर्धा तास आम्ही भिंती, कोपरे, छतावरचं मातीचं ओझं, याबद्दल बोललो. इतके नेमके प्रश्न मला विद्यार्थ्यांनी कधी विचारलेले नाहीत.

कार्यक्रम संपला. लोक चहाकडे गेले. पहिल्या बाकावरच्या एक बाई मात्र बसून राहिल्या. माझ्याच वयाच्या. नाव शकुंतला बिरादार, निलंगा तालुक्यात प्राथमिक शिक्षिका. त्या फळ्याकडे बघत होत्या.

"त्र्याण्णवला मी चौथीत होते," त्या म्हणाल्या. "आमचं घर गेलं. धाकटा भाऊ गेला. तीन वर्षांचा होता." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही म्हणलाव ते यंत्र. आमचा भूकंप त्याच्यात आला असंल का?"

"हो. जगभरच्या यंत्रांवर आला."

"पलीकडं बी? पृथ्वीच्या त्या बाजूला?"

"त्या बाजूलासुद्धा. थेट मधून. वीस मिनिटांत."

"वीस मिंटांत." त्यांनी ते दोनदा म्हटलं. "आमच्याकडं तर मदतीची पहिली गाडी यायला लई उशीर झाला. मला अजूनपर्यंत वाटून राहिलं होतं की आमचं झालं ते आमच्यापुरतंच. अंधारात. कुणाला काही कळलंच न्हाई."

शिकवायच्या नादात मी वर्तुळातून काढलेल्या रेघांना नेहमी नुसत्या लाटा म्हणत आले होते. त्या कुठून निघाल्या, तिथे कोण होतं, हे मी एकदाही फळ्यावर लिहिलं नव्हतं.

"कळलं होतं," मी म्हणाले. "आणि त्या लाटांवरून लोक अजून शिकतात."

बिरादारबाई उठल्या. माझ्या हातातला खडू त्यांनी मागून घेतला. वर्तुळाच्या कडेवर एक ठिपका दिला आणि त्याच्या शेजारी, पहिलीच्या मुलांसाठी काढतात तशा गोल, ठळक अक्षरांत त्यांच्या जुन्या गावाचं नाव लिहिलं. मग तिथून निघून, वर्तुळाच्या अगदी मधून, पलीकडच्या कडेपर्यंत हात न उचलता त्यांनी एक रेघ ओढली.